सहाव्या रकान्यातलं ‘होय’

“तिचं काय घेऊन बसलात? ती बोलणारी नव्हेच, आपलंच माणूस आहे” — असं सासूबाई आत जमलेल्या बायकांना म्हणाल्या, आणि मी दाराबाहेर चहाचा ट्रे धरून उभी. वाईट वाटलं? छे हो. खरं सांगू, बरंच वाटलं. लग्नाला चार महिने झाले, ‘आपलं माणूस’ पहिल्यांदा ऐकलं — तेही चोरून. बसा ना, हे घ्या तुमच्या मुलीचं पुस्तक. पण महिनाभर ते कुलपात का होतं असं विचारलंत, आता ऐकावं लागेल.

पुस्तकातली गोष्ट केवढीशी! पाहुणे येतात, जो तो एका चिमुरडीचा गालगुच्चा घेतो, पापी मागतो, आणि ती म्हणते, ‘मला नको.’ शेवटी एक मावशी विचारते, ‘मग हात मिळवू या?’ — तर मिळवते की. आता झालं असं, की माझ्या नणंदेची मुलगी, पाच वर्षांची, आजीला म्हणाली, ‘आजी, पापी नको.’ सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. पुस्तक तिला कुणी दिलं होतं? ते जाऊ दे... मीच. घरात कुणाला ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका.

मग त्यांनी पालक मंडळ घरी बोलावलं, तोच तो चहाचा दिवस — शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, आणखी दोघी — आणि ठरलं, वाचनालयातून हे पुस्तक काढायला लावायचं. अर्ज कुणी लिहायचा? सुनेचं अक्षर वळणदार. झालं! मी बसले लिहायला. बरं, सांगतील तेवढंच लिहावं की नाही? सासूबाई म्हणाल्या, ‘पुस्तक वाईट आहे म्हणून लिही.’ मी लिहिलं, ‘बालमनावर विपरीत परिणाम.’ ‘विपरीत’ हा शब्द माझा हो! कौतुक झालं, मीही फुलले. सहावा रकाना होता — अर्जदाराने पुस्तक संपूर्ण वाचले आहे काय? त्यांनी पाहिली होती दोन पानं, तीही मोबाइलवर. पण रकाना मोकळा बरा दिसेना. मी लिहिलं, ‘होय.’ कुणी सांगितलं नव्हतं. नीटनेटकेपणाची हौस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तो अर्ज आला वाचनालयाच्या या खिडकीशी. खिडकीत कोण? मीच. मीच आवक शिक्का मारला, मीच पोच दिली — ‘आपला अर्ज मिळाला’ — माझ्याच अक्षराला! नियमाप्रमाणे निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूपही मीच लावलं. नवरा म्हणाला, ‘तू कशाला मध्ये पडतेस?’ आता मध्ये पडायचं शिल्लक काय होतं, सांगा. तुमची मुलगी तीनदा येऊन विचारून गेली, ‘ताई, आलं का?’ आणि तिन्ही वेळा मी टेबलाखाली पेन्सिल शोधली.

काल बैठक झाली, त्या पलीकडच्या खोलीत. मी कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला. डॉक्टरीणबाईंनी अर्ज वाचला — सहाव्या रकान्यापाशी आवाज चढवून — ‘संपूर्ण वाचले आहे, होय!’ सासूबाईंनी मान हलवली. ग्रंथपालसाहेब भांडणाला भिणारे. म्हणाले, ‘एवढ्या जाणत्या मंडळींनी वाचून सांगितलंय, तर काढून टाकू या,’ आणि यादीतल्या त्या नावावर पट्टी ठेवली, रेघ मारायला. मी लिहीत होते, ‘सर्वानुमते’... लिहिता लिहिता उठलेच कशी, देव जाणे. आवाज तर असा फाटला की माझा मलाच ओळखू येईना. म्हटलं,

“ते ‘होय’ खोटं आहे, मी लिहिलंय. तुमच्यापैकी कुणीच हे पुस्तक पुरतं वाचलेलं नाही. सोळा पानं आहेत, मी आत्ता वाचून दाखवते — आणि संपेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. आई, तुम्हीसुद्धा.”