न फुटलेलं संत्र

आम्ही मूळचे लोधीखेड्याचे. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत रखवाली करे अन् मी दिवसभर फुटबॉल. डावा गुडघा गेला तवा खेळणं सुटलं, मंग सौंसरले नगरपालिकेत लागलो अन् संध्याकाळी पोट्ट्यायले शिकवू लागलो. शिकवू काय, ओरडू लागलो. मार जोरानं, एवढंच येत होतं मले.

काय सांगू तुले, मंग नागपूरले स्पेनचा एक म्हातारा कोच आला, आठ दिवसाचं शिबिर होतं. तोबी आधी खेळाडू, त्याचाबी गुडघा गेलेला, खुर्चीवर बसून शिकवे. त्यानं सगळ्यायले विचारलं, तुमच्याकडं काय आहे? कोणी म्हणे जाळी नाही, कोणी म्हणे बॉल नाही. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडं संत्रे आहे. दुभाष्यानं सांगितलं तसा म्हातारा असा हासला! त्याच्या बापाचीबी बागच होती. म्हणे, आम्ही लहानपणी पडलेलं संत्र पायानं खेळवत शिकलो, फुटलं नाही पाहिजे, पायात माया पाहिजे. अन् ज्याचं शाबूत राहिलं त्यानं ते सोलून पहिली फोड दुसऱ्याले द्यायची, तोच खरा पास.

तवापासून बागेत गळून पडलेले संत्रे थैलीत भरून मैदानावर नेतो. लोक म्हणत, काहो मास्तर, ज्यूसचं दुकान टाकून राहिले का? हासा बावा.

पोर्णिमा नावाची एक पोट्टी होती, तिचं तर रोज फुटे. म्हणे, सर, मले बॉलच द्या ना. मी म्हणो, आधी हे शिक. रडे, पण दुसऱ्या दिवशी हजर. अख्खा मोसम गेला, मंग एक दिवस शाबूत ठेवलं, अन् सोलून सगळं एकटीनंच खाल्लं! मी म्हटलं, घ्या, पास गेला चुलीत.

त्याले आता लई वर्षं झाले. औंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यातच दुभाष्याचा फोन आला, म्हातारा तिकडं वारला म्हणून. खाटेवर पडल्या पडल्या एकच घोर, आता त्याचं शिकवणं माझ्यासंगंच संपते.

दीड महिन्यानं काठी टेकत मैदानावर गेलो, तर पोर्णिमा थैली घेऊन उभी. स्वतःची नोकरी करून येते म्हणे. लहान्यायवर ओरडून राहिली, पायात माया पाहिजे रे! त्या म्हाताऱ्याले तिनं कधी पाहिलं नाही, पण बोल त्याचेच. मले पाहून आली, हातातलं संत्र सोललं, पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. म्हणे, घ्या सर, तवाची राहिली होती.

फोड भलती आंबट होती. सुखी राहो माझी पोट्टी.