तिघींचं शेवयांचं मशीन

तिसगावच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

"आरती, आपलं शेवयांचं मशीन घेऊन आज वर्ष झालं."

"तिघींनी घेतलं हुतं. चालवायला तर यशोधरानंच शिकवलं आपल्याला."

"गिऱ्हाईकच म्हनाया लागलं, तिच्या हातच्या शेवया चालत न्हाईत. मी काय करनार?"

"गिऱ्हाईक म्हनलं. पर येऊ नको म्हनून सांगाया तिच्या घरी आपन दोघी गेल्तो, सुकन्या."

"ती कुठं भांडली? उलट चहा केला तिनं."

"तवा तू म्हनली, माझा उपास हाय."

"हुताच उपास."

"उपासाला चहा चालतो."

"तू तरी कुठं पिली?"

"न्हाई पिले. ती कप धरून उभी हुती, आन मी चपला घालत हुते."