मागे लपवलेला डावा हात

नाही, पण मला एक सांगा, प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमकी किती घ्यायची? चिमूटभर? मूठभर? का पोतं घेऊनच जायचं? कारण आमचे मालक म्हणाले, चित्रं त्या गेमसारखी, मारामारी ह्या गेमसारखी, आणि एकूण मात्र आपलं स्वतःचं. आता बोला! प्रेरणा म्हणे!

तुम्हाला सांगतो, आमच्या कंपनीतली सगळी मारामारी माझ्याकडे. म्हणजे गेममधली हो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, आठ माणसं, दोन वर्षं एकच कॉम्प्युटर गेम बनवतोय, आणि भिंतीवर दुसऱ्यांच्या गेममधली तीनशे चित्रं. मूळ भिंत कुठल्या रंगाची होती ते आता रंगाऱ्यालाही आठवायचं नाही. धुकं ह्याचं, दगड त्याचे, ढगसुद्धा उसने... आणि नायक? त्याची उभं राहायची ढब मी घेतली एका पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेममधून, ज्याच्यापायी लहानपणी आईचा मार खाल्लाय. डावा खांदा पाडलेला, डावा हात पाठीमागे लपवलेला, उजव्या हातात तलवार. काय ती ऐट! पुढे कितीजणांनी ती उचलली, मोजदाद नाही. मी चार महिने छत्री घेऊन आरशासमोर तस्सा उभा राहिलो, कंबर धरली, डॉक्टरांनी विचारलं, काय उचललंत? म्हटलं, प्रेरणा. हसले नाहीत हो ते.

वर मी चार पानांचं टिपण लिहिलं. मागे लपवलेला हात म्हणजे योद्ध्यानं जगाला न दाखवलेलं दुःख! मालकांचे डोळे पाणावले.

आणि मग त्या बाई आल्या. आमचा गेम बाजारात आणायचा की नाही हे ठरवणाऱ्या कंपनीच्या. पिकलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, आवाज इतका हळू की आपणच वाकावं. त्या हो म्हणाल्या तर आम्ही तरलो, नाही म्हणाल्या तर आठही जणांनी दुसरीकडे नोकरी शोधायची. बसल्या खेळायला. दहा मिनिटं खेळल्या. मग नायकाकडे बोट दाखवून विचारलं, हा असा का उभा आहे?

झालं! मी ह्याचीच तर वाट बघत होतो. चारही पानं तोंडपाठ म्हणून दाखवली, दुःखासकट. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"तो जुना गेम मी केलेला," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताची चित्रं कॉम्प्युटरमधून पुसली गेली. परत काढायला वेळ नव्हता. म्हणून हात मागे नेला."

मी गार! म्हणजे बघा, ऐट नाही, दुःख नाही, काही नाही... हातच नव्हता हो! पंचवीस वर्षं जगभरची शहाणी माणसं एक राहून गेलेला हात मन लावून लपवतायत, आणि मी त्याच्यासाठी कंबर घालवून बसलोय! प्रेरणा म्हणे!

मालक माझ्याकडे बघतायत, मी भिंतीकडे बघतोय, आणि त्या तीनशे चित्रांतल्या प्रत्येकाबद्दल मनात एकच प्रश्न... ह्याचं काय पुसलं गेलं असेल?

बाई मात्र खेळतच होत्या. दुसऱ्या टप्प्यात थबकल्या. मागे गेल्या, परत तिथेच आल्या. तिथे एक धोबीण आहे, बोळ रिकामा दिसत होता म्हणून मी एका दुपारी उरकलेली. ती ओला टॉवेल पिळते, न बघता सण्णकन फटका मारते, आणि मारून झाल्यावर टॉवेलची नीट घडी घालते. बाई तिच्या हातून पाच वेळा मेल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. ही कुठल्या गेममधून घेतली म्हणाल्या.

खोटंही सुचेना.

"बायको आहे माझी," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात गांधीलमाशी शिरली होती."

"मग घरात ही असताना," बाई म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही भिंतीकडे काय बघत होतात?"

आहे उत्तर? तुमच्याकडे असेल तर द्या, मी कळवतो त्यांना.

होकार मिळाला, पण अटीवर. भिंत रिकामी करायची, आणि प्रत्येक पात्र डोळ्यांनी बघितलेल्या माणसावरून काढायचं. तेव्हापासून बायको ऑफिसात येते, आमचे लोक तिला टॉवेल देतात, कॅमेरा लावतात, ती मारते. आणि नायक? फटके चुकवायची सवय कोणाला आहे, असं मालकांनी विचारलं, तर सातही माना माझ्याकडे वळल्या!

परवा बायकोनं गेम पहिल्यांदा खेळून बघितला. धोबीण होऊन खेळता येत नाही म्हणून आधी जरा खट्टू झाली, मग नायक घेऊन बसली. दोन मिनिटांत खेळ खल्लास.

"अहो, ह्यात तुम्ही फारच लवकर मरता," ती म्हणाली.

म्हटलं, हो, मालक म्हणाले, खरं वाटलं पाहिजे.