काकांचा बाण आणि दसरा

लिनक्सची थट्टा करायची तर माझ्या इंदिरानगरच्या काकांचं उदाहरण घेऊन करा. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज काढून ते मीच हट्टाने टाकलं होतं. दसऱ्याला त्यांचा फोन आला, "बाण पडद्यावर नुसत्या उड्या मारतोय. आज नीट कर, नाहीतर उद्या विंडोज परत!"

मी धावलो. टचपॅडची सगळी सेटिंग्ज बदलली, ड्रायव्हर बदलला, तरी बाण उडतच होता. वैतागून घाम पुसला, तर काकू हसल्या, "तू कपाळाला कुंकू कधीपासून लावतोस रे?"

बोट पाहिलं, मग टचपॅड पाहिला. त्यावर ओल्या कुंकवाचा टिळा!

"काका, टचपॅडची पूजा केलीत?"

"ओझरच्या कारखान्यात होतो तेव्हापासून करतो. हाताखालच्या यंत्राला कुंकू लावायचंच."

"मग विंडोजला कसं चाललं?"

"तेव्हा माउसला लावायचो. लिनक्सवर माउस लागतच नाही म्हणून तूच घेऊन गेलास ना?"