भोपळ्याची पहिली फेरी

– नाय हो गंगाधरशेठ, भोपळा विकायला नाय आणला. तुमच्या बाबागाडीत बसवून बघायला आणलाय. सरका जरा, ती गाडी पुढं घ्या. साडेनऊ किलो भरतो, रेशनच्या काट्यावर मोजलाय, आणि आमचा नातू यशराज तोही साडेनऊच, मूठभर तांदळाचा फरक नाय. अकरा महिन्यांचं पोर आणि चार महिन्यांचा भोपळा एका वजनाचे, आता याला योग म्हणायचं नायतर काय. ही कुंची? कुंची यशराजचीच. काजळाची तीट मात्र त्याच्या आजीनं, आमच्या ठकूबाईनं लावली, त्यात माझा हात नाय – तिचं म्हणणं, घरातनं बाहेर पडलं की तीट लावायची, मग ते पोर असो नायतर भोपळा. त्या मघाशी आलेल्या बाई कधीच्या याच्याकडं बघतायत. बघू दे. पोलादपूर ते महाड एस्टीत मांडीवर घेऊन आलो, कंडक्टरनं विचारलं, किती वर्षांचा? म्हटलं, मांडवावरनं उतरून दोन महिने झाले. पुढचं काय विचारलं नाय त्यानं.

आता ही गाडी नको. ठेवा बाजूला. चाकं बघा हिची, बटाटेवड्याएवढी. ही दुकानात गुळगुळीत फरशीवर फिरायची गाडी. मला धावायची बाबागाडी पायजे – होय, धावायची. पोर आत, माणूस मागं, आणि पळत सुटायचं. कुणाचं पोर पळवायचं नाय हो, आपलंच घेऊन पळायचं. तीन चाकांची, चाकं सायकलसारखी मोठी, हवेची. आमच्या वाडीचा रस्ता तुम्हाला ठाऊक नाय. मागच्या पावसानंतर एवढा खड्डा पडला की भागोजीची शेळी त्यात गेली ती तिसऱ्या दिवशी दोन करडं घेऊन वर आली. खोटं वाटत असेल तर करडं बघायला या, मोठी झाली आता.

कशाला म्हणजे? सांगतो ना. आमची सून, अक्षदा – आमच्या राहुलची बायको, राहुल मुंबईला लिफ्ट दुरुस्त करतो, महिन्यातनं एकदा खाली येतो – तिची पोलीस भरती हाय. अलिबागला मैदान, पुढच्या बुधवारी. आज सोमवार, म्हणजे नऊ दिवस. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत मारायचे, तर पुरे गुण. आणि पोरीचे सेकंद होतायत छप्पन्न. सहा सेकंद शेठ. सहा सेकंदांत काय होतं म्हणता – तुम्ही आता तंबाखू चोळलीत त्याला दहा लागले, मी मोजले. असल्या सेकंदांसाठी आमचं सगळं घर गेले दोन महिने जेवताना घड्याळाकडं बघतंय.

अडचण काय, तर यशराज. आई नजरेआड झाली की असा सूर लावतो की कशेडीच्या बोगद्यात ट्रकवाले स्वतःचे हॉर्न तपासतात. ठकूबाई म्हणाली, "पोर तरी संभाळ नायतर पळ तरी, दोन्ही कसं व्हायचं गो?" मग राहुलनं मुंबईहून ऑनलाईन मागवून एक बाबागाडी धाडली. तीन चाकांची. पोर आत, आई मागं, दोघांचं काम झालं. पोर तर असं खूश की गाडी थांबली की रडायचं, चालली की झोपायचं. मी म्हटलं, हा एस्टीत ड्रायव्हर होणार.

हां, ही तीन चाकांची बघू. हिचं पुढचं चाक वळतं ना? अडकवता येतं? अडकवून दाखवा. हां – असं. पळताना पुढचं चाक सरळच राहायला पायजे, खडा लागून वळलं की गाडी आडवी. हे मी नाय, अक्षदा सांगते. पोरानं मान नीट धरायला पायजे, आठ महिन्यांचं होईस्तोवर पळवायचं नाय, डॉक्टरांना विचारून आली होती. पट्टे किती, पाच? खांद्यावरनं दोन, कमरेला दोन, एक मधनं. बांधा भोपळ्याला. आवळा, त्याला दुखत नाय. आणि हा मनगटात अडकवायचा पट्टा – हा हवाच. हात सुटला तरी गाडी सुटता कामा नये. आता दांडा. दांडा खालवर होतो का बघू… माझ्या बेंबीच्या जरा वर, हां, इथं. इथंच ठेवा.

माझ्या मापाचा का म्हणजे? – अक्षदाही उंचच हाय. साधारण. तुम्ही ब्रेक दाखवा.

ब्रेक दाखवा आधी. कारण ती आधीची गेली ती ब्रेकानंच. ऑनलाईन माल, शेठ, डोळ्यांनी बघितलेला नाय, हातानं दाबलेला नाय. त्या दिवशी सकाळी मी गोठ्यातनं बाहेर आलो, तर अक्षदा गाडी घेऊन गेलेली. आमची वाडी वर, मारुतीच्या देवळापासनं खालच्या मोरीपर्यंत सगळा उतार, बरोबर आठशे मीटर, तिनं भागोजीच्या मोटरसायकलवर मोजून घेतलेले. मी पळत देवळापाशी गेलो. बघतो तर ही वाकून बुटाची नाडी बांधतेय, मनगटाचा पट्टा काढून ठेवलेला, गाडी ब्रेक लावून उभी – आणि गाडी हलली. आधी हळूच, पाहुणा निघाल्यासारखी. मग सुटली.

मी पळालो. लुंगी वर खोचली का नाय आठवत नाय, चप्पल एक देवळापाशी राहिली, दुसरी पिंपळाखाली सापडली. गाडी पुढं, त्यात कुंची दिसतेय, आणि मागं मी. पहिल्या वळणावर भागोजी दात घासत उभा. मी ओरडलो, भागोजी, ब्रेक ढिला हाय, आत पोर हाय, धर. तर तो ब्रश तोंडात ठेवून हसला. पुढं पारावर चौघं बसलेले, त्यांना ओरडलो, तर एकजण म्हणाला, हैबतीतात्या, मागल्या वेळी वाघ होता मागं, या वेळी पुढं गाडी, सुधारणा हाय. म्हणजे बघा, गेली तीस वर्षं मी या वाडीला गोष्टी सांगतोय. वाघाची सांगितली, सावित्री नदीच्या पुरात दासगावपर्यंत पिंपावर बसून गेलो ती सांगितली, रानडुकरानं माझ्याकडं विडी मागितली ती सांगितली. आणि ज्या दिवशी एक खरं बोललो – एकही माणूस उठला नाय, शेठ. एकही. चहा पीत बसले. एस्टी वर येत होती, ड्रायव्हरनं तेवढी ती बाजूला घेतली, त्याचा मी जन्माचा ऋणी, तो बाहेरगावचा होता, त्याला मी माहीत नव्हतो.

मोरीपाशी गाडी रस्ता सोडून शेतात घुसली. बांधावर उडाली – पुढचं चाक गेलं – आणि पेंढ्याच्या उडवीत तोंड खुपसून थांबली. मी पोचलो. आत बघायची हिंमत होईना. आवाज नाय. यशराज, ज्याचा आवाज बोगद्यात जातो, त्याचा आवाज नाय. तसंच डोळे मिटून उचलला, उराशी धरला आणि रडलो. मोठ्यानं रडलो, लपवत नाय. गार लागला हो हाताला. मग कुंची वर केली.

हा. हाच. हसा, हसा, वाडी तीन दिवस हसत होती. अक्षदाचा नियम होता, रोजची पहिली फेरी भोपळ्याची. रस्ता तपासायचा, गाडी तपासायची, मग दुसऱ्या फेरीला यशराज. यशराज तिकडं आजीच्या कुशीत गाढ झोपलेला. मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी त्या वेळी गोठ्यात असतो. तेव्हापासनं याला कापायचा तरी कुणी? आधीच भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, बाईनं पहिली सुरी लावायची नाय, पुरुषानं लावायची, आणि घरात पुरुष मी एकटा, ज्यानं याला छातीशी धरून हंबरडा फोडला. ठकूबाईनं त्या रात्री दृष्ट काढली, यशराजची आणि याची, एकाच मिठामोहऱ्यात.

अक्षदा मागनं चालत आली. धावत नाय, चालत. हातात घड्याळ. म्हणाली, "मामा, दोन मिनिटं बावन्न." त्याच उतारावर तिची स्वतःची वेळ तेव्हा तीन मिनिटं दोन सेकंद. मी बावन्न वर्षांचा, अनवाणी, लुंगीत. मी हसायला लागलो, म्हटलं, बघ, तुझा सासरा. ती हसली नाय. म्हणाली –

"मामा, ब्रेक ढिला आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

…काय? तुम्हीही तेच विचारताय का?

गाडी सुटल्याबरोबर मी ओरडलो ना, ब्रेक ढिला हाय म्हणून. हातबित लावला नव्हता, बघितला नव्हता. पोलीस व्हायच्या आधीच तपास पूर्ण झाला शेठ, आरोपी जागेवर, भोपळ्यासकट.

दहा-अकराचा पाना. दोन आटे ढिले केले मी. फक्त दोन, यशराजच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो – नको, भोपळ्याच्या डोक्यावर ठेवतो. माझं गणित असं होतं की ती निघताना ब्रेक दाबून बघेल, धरत नाय म्हणेल, आजचं पळणं राहील. उद्याचं राहील. मग मैदानाची तारीख निघून जाईल. पोर बसलेलं असताना काय होईल हा विचार गोठ्यात शेण उचलताना आला, तसा घमेलं टाकून पळालो. ही त्याआधीच गेलेली.

का केलं? – ती लागली तर नऊ महिने ट्रेनिंग. मग नेमणूक कुठं, देवाला ठाऊक. यशराजला ठकूबाई संभाळेल, दूध हाय, भात हाय, त्याचं काय अडत नाय. पण शेठ, आमच्या घरात माझी गोष्ट शेवटापर्यंत ऐकणारं माणूस एकच हाय. ठकूबाई अर्ध्यात उठून जाते. राहुल फोनवर हो हो करतो आणि मागं लिफ्टचा आवाज येतो. ही पोरगी भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकते आणि वर विचारते, मग त्या रानडुकरानं विडी ओढली कशी, काडी कुणी पेटवली? तसं विचारणारं माणूस मिळत नाय हो. हे मी तिला बोललो नाय. तुम्हाला का बोलतोय… ते पाणी द्या जरा.

तर. ती ओरडली नाय, राहुलला कळवलं नाय, ठकूबाईला आजतागायत ठाऊक नाय. पाना माझ्याकडनं मागून घेतला आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवून टाकला. आंघोळीलाही काढत नाय. आणि म्हणाली, पोराच्या मागं माणूस किती पळतं ते मी बघितलं, आता उद्यापासून गाडी तुम्ही पळवायची, पुढं, आणि मी मागनं धरायला येणार. झालं! त्या दिवसापासनं पोलादपूरच्या सपाट मैदानात ती जुनी गाडी, तिला चाक हातगाडीचं बसवलेलं, आत भोपळा, मागं मी, आणि माझ्या मागं सून. लोक म्हणतात, सासऱ्यानं काय चोरलं? चौदा दिवसांत दोनावर छप्पन्नला आली. आणि तिथंच अडकली. का? भोपळा हाय हे तिला माहीत हाय ना. पाय फसत नाय. ते सहा सेकंद भोपळ्यामागं निघायचे नायत, ते यशराजमागंच निघतील. काल रात्री जेवताना तिनं ताटाकडं बघत म्हटलं, ब्रेक चांगला असलेली गाडी आणा, यशराजला बसवते. तुम्ही पळवा.

तुम्ही पळवा, म्हणाली. मी हातातला घास ताटात ठेवला. ठकूबाई म्हणते, मीठ कमी झालं काय?

म्हणून दांडा माझ्या मापाचा. कळलं? आता दाबा ब्रेक. भोपळा आत, मी ढकलतो, तुम्ही दाबून धरा… हं. अजून. उंबऱ्यावरनं उतरवतो… हलत नाय. परत. परत एकदा, शेठ, कंटाळू नका, गिऱ्हाईक थांबेल. हं. हीच. हीच बांधा.

अहो, काय करताय? पाना कशाला काढलात? नको. अजून आवळायचा असला तरी नको, हात लावू नका. दोन आटे राहिलेत ते दिसतंय मला, माझ्याइतकं कुणाला दिसणार. ते तिथं घरी जाऊन ती आवळेल, तिच्या दोऱ्यातल्या पान्यानं, आणि मी लांब अंगणात हात मागं बांधून उभा राहीन, तिला दिसेल असा. मग ती यशराजला बसवेल. नायतर नाय बसवणार. तुम्ही आवळून दिलात आणि मी सांगितलं की शेठनी आवळलाय, तर ते खरं असलं तरी माझ्या तोंडचं हाय ना.

बिल करा आता. दोरी नको, खोका नको, तशीच द्या, ढकलत नेतो स्टँडपर्यंत. किती बोलायला लावता हो माणसाला.