फांदी तोडण्याआधी

हसू नका, पण फँटसी कादंबऱ्या लिहिणाऱ्यांवर मी मनापासून जळतो. माझी स्वतःची कादंबरी नऊ वर्षं तिसऱ्या प्रकरणात अडकलीय, आणि हे परदेशी लोक आठशे-आठशे पानं लिहून मोकळे!

परवा लोणखेड्याला, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, अशीच एक जाडजूड कादंबरी हातात घेऊन धुसफुसत होतो. शेजारी धडगावकडचे पावरा सर चहा पीत होते. त्यांना म्हटलं, "काय डोकं आहे बघा या लेखकाचं! याच्या राज्यात फांदी तोडण्याआधी झाडाची पूजा करतात, त्याची परवानगी मागतात. मला का नाही सुचत असं? आपलं नशीबच फुटकं शे!"

सर शांतपणे म्हणाले, "आमच्या गावात इंदल सणाच्या पूजेला हेच करतात. कळंबाच्या झाडाला विचारल्याशिवाय फांदी आणत नाहीत. मागच्या खेपेला मीच विचारलं."

मी कादंबरी मिटली. "अहो, अकरा वर्षं आपण शेजारी बसतोय! मला कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही, सर."

तेव्हापासून त्या लेखकावर आणखीच जळतो. त्यानं नक्की कुणाला तरी विचारलं असणार.