दुधातलं औषध

(कुरुंदा, २००७. शिमगा चार दिवसांवर. घरात माय-लेक दोघीच.)

पार्वतीबाई : उठू नको ना, शिवकन्या! पिशवी मी भरून राहिले. तू नुसती टेकून बस.

शिवकन्या : टेकलं तरी दम लागतोय गं माय. पाय बघ, चपलेत मावत नाहीत. बाबा आले?

पार्वतीबाई : वसरामची जीप आणाया गेलेत. दिवस मावळायच्या आत हैदराबादच्या रस्त्याला लागू.

शिवकन्या : डॉक्टर म्हणाले ना, अंगानं हृदय नाकारलं? बाबा फोनवर बोलत होते, ऐकलं मी.

पार्वतीबाई : तीन वर्सं गुमान नांदलं ते काळीज. कुण्या अपघातात गेलेल्या पोराचं, पण आपलं झालं होतं की.

शिवकन्या : आपलं नाही होत, माय. ऑपरेशनच्या वेळीच सांगितलं होतं त्यांनी. अंगाची राखण करणाऱ्या जागल्यांना ते परकंच वाटतं. एक जागल्या दुसऱ्याला हाक देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. औषध रोज ती हाक दाबतं, एवढंच.

पार्वतीबाई : ठाऊक हाय मला.

शिवकन्या : आता ते म्हणतात, पुरं औषध चालू असून असं झालं, म्हणजे हे औषध लागू पडत नाही. दुसरं, जास्त कडक सुरू करणार. बाबांनी पक्कं सांगितलंय, एक वेळही चुकली नाही म्हणून.

पार्वतीबाई : पुरं नव्हतं.

शिवकन्या : काय?

पार्वतीबाई : औषध. संक्रांतीपासून दुधात निम्मंच घालून राहिले मी. औषध मोजायची पिचकारी खालच्याच रेघेवर थांबवायची.

शिवकन्या : माय...

पार्वतीबाई : साखऱ्याचे पाहुणे तुला बघाया आले होते, याद हाय? त्यातल्या बाईनं तुझी हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली. पोरीला मिशा फुटल्या म्हणली, अन् हसली. केस औषधानंच येतेत, हे तर डॉक्टरनंच सांगितलेलं. छातीवरची शिवण पदराखाली झाकते गं. तोंड कशाखाली झाकू? म्हणलं, औंढ्याचे पाहुणे बघून जाईस्तोर निम्मं देऊ, मंग पुरं. सोमवारी त्यांची पसंती आली. मंगळवारी पुरं सुरू केलं. बुधवारी तुझे पाय सुजले. माझ्या हातानं केलं मी हे. कुठं फेडू?

शिवकन्या : मंगळवारी वास परत पहिल्यासारखा झाला.

पार्वतीबाई : कसला वास?

शिवकन्या : दुधाला. तेलकट, उग्र वास असतो त्या औषधाचा. तीन वर्षं नाक दाबून पिले मी. संक्रांतीनंतर तो निम्मा झाला. पहिल्याच घोटाला कळलं मला.

पार्वतीबाई : मंग बोलली काहून न्हाईस, पोरी?

शिवकन्या : महिन्याभरात ओठावरचं विरळ झालं. मी आरसा खुंटीवरून काढून ट्रंकेत ठेवला होता ना, तो परत लावला. बोलले असते तर तू पुरं घातलं असतंस. म्हणून पेला उपडा करून दाखवायचे तुला, पिले बघ सगळं. आठवतं?

पार्वतीबाई : आठवतं.

शिवकन्या : डॉक्टरांना सांगावं लागेल. आजच. नाहीतर ते चुकीच्या समजुतीनं उपचार करतील.

पार्वतीबाई : तुझे बाबा माझं तोंड न्हाई बघायचे.

शिवकन्या : दोघींनी केलं, असं सांगू. खरं तेच आहे.

सोनाजी (शिवकन्येचे बाबा, फोन घेऊन आत येत) : चला, जीप दारात लागली! अन् हे बघ, हैदराबादचे डॉक्टर फोनवर हायेत. औषध चुकलं का, पुन्हा तेच विचारून राहिले. (फोनवर) किती बार सांगू साहेब? शिवकन्येची माय घड्याळ बघून देती. आठ म्हंजे आठ!

पार्वतीबाई : आवं, द्या तो फोन.

सोनाजी : तू काय बोलणार त्यांच्याशी?

पार्वतीबाई : द्या म्हणते ना. हालो? साहेब, मी शिवकन्येची माय. संक्रांतीपासून औषध निम्मंच दिलं. दोन्ही टायमाला. व्हय, जाणून-बुजून.

सोनाजी : काय बोलून राहिली तू?

शिवकन्या : माय, दोघींनी म्हण.

पार्वतीबाई : न्हाई साहेब. लेकराला काहीच ठाऊक नव्हतं.